वडापावातला बटाटा भाजीत मोजायचा का? पावाची गोष्ट आणि थोडी डॉक्टरकी



काही दिवसांपूर्वी ओपीडीत एक सतरा वर्षांची मुलगी आली. शेजारच्या तालुक्यातल्या खेड्यातली. नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर राहते. सोबत आई. तक्रारी नेहमीच्याच होत्या: थकवा, जिना चढताना धाप, केस गळणे, अभ्यासात लक्ष न लागणे आणि पोट साफ न होणे. डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडलेली होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६ निघाले. या वयाच्या मुलीत ते किमान १२ असायला हवे.

मी विचारले, "बेटा, दिवसभरात काय काय खातेस?"

"सकाळी क्लासला जाताना वडापाव आणि चहा, सर. दुपारी मेसचा डबा. संध्याकाळी परत वडापाव, नाहीतर सामोसा. रात्री मेस."

"भाज्या?"

"मेसमध्ये बटाट्याचीच असती बहुतेक. आणि वडापावात बटाटा असतोच की, सर. ती भाजीच झाली ना?"

आई तिच्यावर डाफरली, पण मला तो प्रश्न आवडला. अगदी सरळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फक्त आहारशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही, थोडा इतिहासही बघावा लागतो. पाव आपल्याकडे आला कसा, त्यात बटाटा कधी शिरला आणि हिरवी भाजी बाहेर कशी राहिली, हे कळले की ती परत आत कशी आणायची तेही कळते. म्हणून आज आधी पावाची गोष्ट सांगतो आणि मग डॉक्टरकीकडे वळतो.

जात बाटवणारा पाव

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांना भाकरी-भात चालेना, पाव हवा होता. तो फुगवायला यीस्ट मिळेना, म्हणून गोव्यात ताडामाडाची माडी वापरली जाऊ लागली. पाव भाजणारे 'पोदेर' तयार झाले. पुढे गोव्याचे बेकरीवाले मुंबईला गेले, नंतर इराणी बेकऱ्या आल्या आणि मुंबईच्या गल्लीबोळांत पाव पोचला.

गंमत म्हणजे आज वडापावातल्या ज्या गोष्टींना आपण अस्सल मराठी समजतो, त्यांतल्या कितीतरी त्याच वाटेने आल्या आहेत. मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिका खंडातले, आपल्याकडे आणले पोर्तुगीजांनी. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. वडापावात आपले काय, असे कोणी विचारले तर हरभऱ्याचे बेसन, हळद, लसूण-कोथिंबीर आणि आपली भूक, एवढेच सांगता येईल!

पण पाव आला म्हणून लगेच सगळ्यांनी खाल्ला असे झाले नाही. परधर्मीयाच्या हातचा पाव खाल्ला की जात बाटते, अशी समजूत होती. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडायचा हे तिचे ध्येय होते. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पावाचा तुकडा खावा लागे. म्हणजे पावाचा एक तुकडा ही तेव्हा क्रांती होती! ही सभाही गुप्तपणे चाले.

त्यानंतर चाळीस वर्षांनीही फारसे बदलले नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे ही दोन टोकांच्या मतांची माणसे, पण प्रायश्चित्त दोघांनाही घ्यावे लागले. एका कप चहासाठी आणि बिस्किटासाठी!

हे एवढ्यासाठी सांगितले की 'आपले पारंपरिक अन्न' ही काही दगडावरची रेघ नसते. शे-दीडशे वर्षांपूर्वी जे तोंडाला लावायची चोरी होती, ते आज आपण 'आमच्या मातीतला पदार्थ' म्हणून मिरवतो. पदार्थ बदलत आला आहे. तेव्हा त्यात आणखी एक बदल केला तर काही बिघडत नाही.

आजाऱ्याची डबलरोटी

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. हैदराबादेत पावाला 'डबल रोटी' म्हणतात. तिथला प्रसिद्ध गोड पदार्थ 'डबल का मीठा' हा त्याच पावाचा. माझी आजीही पावाला डबलरोटीच म्हणायची.

पण आमच्या घरी डबलरोटी कधी यायची? कोणी आजारी पडले की! तापातून उठलेल्या माणसाला दूध आणि पाव. दवाखान्यात कोणाला भेटायला जायचे तर हातात बिस्किटाचा पुडा किंवा ब्रेडचे पाकीट. आम्हा पोरांना वाटायचे, एकदा तरी ताप यावा म्हणजे दुधात बुडवलेला पाव मिळेल. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हे नक्की आठवत असेल.

यामागे साधे शहाणपण होते. मैद्याचा पाव मऊ असतो, चावावा लागत नाही, त्यात कोंडा नसतो. नुकत्याच तापातून उठलेल्या पोटाला दोन दिवस तसेच हवे असते. पण लक्षात घ्या, ते दोन दिवसांचे पथ्य होते, रोजचे जेवण नव्हते. आज उलटे झाले आहे. धडधाकट माणसे रोज आजाऱ्याचे अन्न खातात आणि त्यातून आजारी पडून माझ्याकडे येतात.

आपले स्वतःचे सँडविच

सँडविच या शब्दाची कथा तुम्ही ऐकली असेल. इंग्लंडमधले चौथे अर्ल ऑफ सँडविच, जॉन माँटेग्यू यांच्या नावावरून तो आला. १७६२ मध्ये इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोजनिशीत तो शब्द आढळतो. जेवायला न उठता, एका हातात धरून खाता येईल असे अन्न, ही त्यामागची कल्पना.

आता सांगा, ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवीन होती का? शेतात दुपारी भाकरी सोडायची, तळहातावर घ्यायची, त्यावरच भाजी किंवा ठेचा ठेवायचा, बुक्कीने कांदा फोडायचा आणि बांधावर बसून खायचे. ताट नाही, वाटी नाही. भाकरी हेच ताट. हे आपले सँडविच!

आणि त्या भाकरीवर काय असायचे ते बघा. करडईची कोवळी भाजी, मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, घोळ, तांदुळजा, पातीचा कांदा, मुळा. यांतल्या निम्म्या भाज्या विकत आणाव्या लागत नसत. पिकात किंवा बांधावर मिळायच्या. कच्चा कांदा, कच्चा मुळा, मेथीची कोवळी पाने नुसतीच भाकरीसोबत खायची पद्धत होती. 'सॅलड' हा शब्द माहीत नव्हता, पण सॅलड पोटात जात होते.

लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, वेगळी सांगायला नको. त्या दिवशी शेतात भज्जी होते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, गाजर, वांगे, जे शेतात असेल ते सगळे एका भांड्यात. सोबत उंडे आणि आंबील. डॉक्टर म्हणून सांगतो, कडधान्य, भाज्या, भरड धान्य आणि आंबवलेले पेय असे सगळे असलेले जेवण मला आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांतही क्वचित दिसते.

मग भाजी कुठे हरवली?

एका दिवसात हरवली नाही. तीन-चार गोष्टी एकामागून एक घडल्या.

पहिली गोष्ट, गहू स्वस्त झाला. १९५६ पासून अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतून भारतात गहू येऊ लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात तर १९६६ या एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. १९६५ मध्येच सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पाकीटबंद ब्रेड शहरोशहरी पोचू लागला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली आणि परदेशी लाल मिलो खाल्ला. त्यानंतर आलेल्या रेशनच्या गव्हाने पोळी सणाची न राहता रोजची केली. ज्वारी हळूहळू मागे सरली.

दुसरी गोष्ट मुंबईत घडली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. गिरणीत पाळीवर जाणारा कामगार, लोकल पकडणारा कारकून, यांना ताट मांडून बसायला वेळ नव्हता. स्वस्त, गरम, पोटभर आणि एका हातात मावेल असे अन्न हवे होते. पुढे शिवसेनेने मराठी तरुणांना वडापावच्या गाड्या टाकायला प्रोत्साहन दिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांच्या गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्याच नाहीत. अनेक घरांची चूल तेव्हा वडापावच्या गाडीवर पेटली. म्हणून वडापावला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते. त्याने पुष्कळ पोरांची शिक्षणे केली आहेत.

पण या गाडीवर हिरवी भाजी का नव्हती? कारण सोपे आहे. बटाटा आठवडाभर टिकतो, उकडून ठेवता येतो, वर्षभर मिळतो आणि स्वस्त असतो. काकडी-टोमॅटो चिरून ठेवले की पाणी सुटते. पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. धुवायला पाणी लागते, चिरायला माणूस लागतो. गाडीवाल्याचा हिशोब चुकीचा नव्हता. आणि गिऱ्हाईकही आठ-आठ तास यंत्रापुढे उभे राहणारे होते. त्याला उष्मांक हवे होते, ते तो जाळतही होता.

तिसरी गोष्ट आपल्या दारात घडली. मराठवाड्यात सोयाबीन वाढले. लातूर तर सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. त्यातून हातात पैसा आला, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण ज्वारी, करडई, त्यांच्यासोबतची पालेभाजी आणि बांधावरची घोळ शेतातून कमी झाली. त्या मुलीच्या आईला मी विचारले, "ताई, घरी ज्वारी पेरता का?" त्या म्हणाल्या, "दोन-चार पट्टे असत्यात खाण्यापुरते. बाकी समदं सोयाबीन." ज्यांच्या घरी शेत आहे, त्यांनाही मेथीची जुडी बाजारातून आणावी लागते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाण्याच्या वाघिणी घेऊन लातूरला आली, ते दिवस आपण विसरणार नाही. प्यायला पाणी नाही तिथे कोथिंबीर कोण धुणार? त्या उन्हाळ्यात मीच रुग्णांना सांगत होतो की बाहेरचे कच्चे काही खाऊ नका. दुष्काळात सगळ्यात आधी ताटातून जाते ती भाजी, आणि पाऊस आला तरी सगळ्यात शेवटी परत येते तीही भाजीच. सवय मोडलेली असते.

गिऱ्हाईक बदलले, वडापाव तोच राहिला

आता 'लातूर पॅटर्न' आला. नांदेडही क्लासेसचे शहर झाले. खेड्यापाड्यांतून हजारो मुले-मुली इथे येतात. सकाळी सहाला घराबाहेर, रात्री दहाला परत. दिवसभर बाकावर बसून. हातात वेळ नाही, खिशात मोजके पैसे. गिरणी कामगारासारखीच अडचण! पण एक मोठा फरक आहे. कामगार उभा राहून घाम गाळत होता, हे लेकरू बसून गणिते सोडवते. अन्न तेच राहिले, शरीराचे काम बदलले. क्लासबाहेरच्या गाडीवर मुलांसोबत उभे राहणारे आई-वडील, शिक्षक, रिक्षावाले, बँकेतले साहेब यांचेही तेच. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. एकट्या वडापावाला दोष देणे बरोबर नाही, पण मैदा, बटाटा आणि तळण ही तिन्ही एकत्र रोज खाऊन बसून राहायचे, हे गणित कोणालाच मानवत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. बटाटा भाजी आहे का?

स्वयंपाकघरात आहे, आहारशास्त्रात नाही. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते, पण त्यात बटाटा, रताळे असले पिष्टमय कंद मोजत नाही. बटाटा वाईट नाही. त्यात पोटॅशियम आहे, थोडे क जीवनसत्त्वही आहे. पण त्याचे मुख्य काम धान्यासारखे ऊर्जा देण्याचे. म्हणजे वडापाव खाताना आपण पावासोबत पावच खातो! त्यातले बेसन तेवढे प्रथिनांचे, तेही पातळ आवरणापुरते.

तंतूंचे बघा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमच्या आत. तंतू कमी झाले की पोट साफ होत नाही, साखर झटकन वाढते आणि दोन तासांत परत भूक लागते. त्या मुलीची बद्धकोष्ठता औषधाच्या दुकानातून आलेली नव्हती, ती गाडीवरून आलेली होती.

आणि रक्त? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुलींना पाळीमुळे लोह जास्त लागते. शाकाहारी अन्नातले लोह मुळात कमी शोषले जाते. क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते शोषण वाढते, आणि जेवणासोबत चहा घेतला तर घटते. वडापावासोबत चहा घेतला आणि लिंबू-टोमॅटो-कोथिंबीर काहीच नसेल, तर जे थोडे लोह मिळणार तेही हातचे जाते.

उत्तर मुंबईच्याच दुसऱ्या गाडीवर आहे

ज्या मुंबईने वडापाव दिला, त्याच मुंबईच्या फुटपाथवर आणखी एक गाडी उभी असते. काकडी, टोमॅटो, कांदा, उकडलेले बीट, बटाट्याच्या चकत्या, ब्रेडला लावलेली कोथिंबिरीची हिरवी चटणी आणि वरून चाट मसाला. हे मुंबईचे व्हेज सँडविच. इंग्रज साहेब चहासोबत काकडीचे फिके सँडविच खात. आपल्या लोकांनी त्यात चटणी, बीट आणि मसाला घालून त्याला चव आणली. म्हणजे पावात कच्ची भाजी घालणे हे काही परदेशी डाएटचे फॅड नाही. आपल्याच रस्त्यावर ते कधीचे चालू आहे. भाकरीसोबत मुळा-कांदा खाणाऱ्यांना तर ते मुळीच नवे नाही.

मग दोन्ही गाड्या एकत्र करूया. मी माझ्या रुग्णांना सांगतो ते असे:

१. पाव: गव्हाच्या पिठाचा घ्या. नुसता 'ब्राऊन' रंग बघून फसू नका, रंग कॅरॅमलचाही असू शकतो. पाकिटावर घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मैद्याचाच ब्रेड. मिळाला नाही तर साधा पाव चालेल, पण दोनऐवजी एक.

२. वडा: सारणात निम्मा बटाटा आणि निम्मे इतर: उकडलेले वाटाणे, किसलेले गाजर, बारीक चिरलेली मेथी किंवा मोड आलेली मटकी. बेसनात बुडवून आप्पेपात्रात चमचाभर तेलावर भाजा. बाहेरून कुरकुरीत होतो, तेल फारच कमी लागते. तळायचाच असेल तर ताज्या तेलात. पुन्हा पुन्हा तापवलेले काळे तेल नको.

३. चटणी: कोथिंबीर-पुदिना-लिंबाची हिरवी चटणी पावाच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आपली जवसाची किंवा कारळाची चटणी. मीठ बेताने.

४. भाजी: हा मुख्य मुद्दा. वड्याच्या वर-खाली काकडी, टोमॅटो, कांदा, उकडलेले बीट, बारीक चिरलेली पत्ताकोबी, मिळाली तर मेथीची कोवळी पाने. मूठभर नाही, चांगली ओंजळभर. एका पावात ६०-७० ग्रॅम भाजी आरामात बसते. पाव बंद होत नसेल तर समजा प्रमाण बरोबर आहे!

५. चहा: किमान तासाभराच्या अंतराने. त्याऐवजी ताक उत्तम.

बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर घाबरून रात्री अकराला फोन करू नका. काहींना तसे होते, ते रक्त नसते.

एक महत्त्वाची सूचना. कच्ची भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुतलेली असलीच पाहिजे. न धुतलेल्या भाजीतून टायफॉइड, कावीळ, जंत आणि क्वचित मेंदूत गाठी करणारे फीतकृमीचे अंडेही पोटात जाऊ शकते. म्हणून ही भाजी घरी किंवा खोलीवर चिरा आणि डब्यात न्या. गाडीवर पाणी कुठले आहे ते दिसत नसेल तर पाव-वडा तिथला आणि काकडी-गाजर डब्यातले, हाही चांगला तोडगा आहे. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे यांनी भाज्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

त्या मुलीचे काय झाले?

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. सोबत एक चिठ्ठी लिहून दिली: दोन गाजरे, एक काकडी, एक लिंबू, रोज. वडापाव बंद कर म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिने मान हलवली असती आणि बाहेर पडून पहिल्याच गाडीवर थांबली असती. मीही पोस्ट ग्रॅज्युएशनच्या रात्री वडापावावरच काढल्या आहेत, तेव्हा ती भूक मला माहीत आहे.

तीन महिन्यांनी ती परत आली. हिमोग्लोबिन ११.४. प्रामाणिकपणे सांगतो, ही वाढ मुख्यतः गोळ्यांची आहे. काकडीने एवढे रक्त वाढत नाही. पण गोळ्या संपल्यावर ते टिकवायचे काम ताटाचे आहे. पोट मात्र गाजर-काकडीनेच सुधारले, हे ती स्वतःच म्हणाली. आता होस्टेलच्या चार मैत्रिणी मिळून रविवारी बाजारात जातात, भाजी आणतात आणि रोज एकीने धुऊन चिरायची पाळी लावली आहे. तिच्या आईने येळवशीला मोठा डबा भरून भज्जी पाठवली होती. "सर, आम्ही ती पावात भरून खाल्ली," ती हसत म्हणाली.

मला वाटते, पावाच्या पाचशे वर्षांच्या प्रवासात एवढा चांगला बेत क्वचितच झाला असेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

- बटाटा हा आहारात धान्याच्या खात्यात धरा, भाजीच्या नाही.
- वडापाव हा कष्टकऱ्यांचे अन्न म्हणून जन्मला. बसून काम करणाऱ्यांनी तो कधीमधी खावा आणि भाजी घालून खावा.
- रोज भाज्या-फळे मिळून किमान ४०० ग्रॅम. त्याची सुरुवात सकाळच्या पावापासूनही करता येते.
- कच्ची भाजी धुतल्याशिवाय नको.
- थकवा, धाप, केस गळणे असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. घरगुती उपायांवर महिने घालवू नका.

काळजी घ्या, आणि पुढच्या वेळी गाडीवर उभे राहाल तेव्हा खिशातली काकडी विसरू नका!